येलदरीचा मातीचा बांध आणि परभणीचे नळ

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील वालूर हे गाव चक्राकार उतरत जाणाऱ्या पायऱ्यांच्या बारवेमुळे महाराष्ट्रभर परिचित झाले आहे. काळाच्या ओघात गाळाने भरलेली ही बारव ग्रामस्थांनी श्रमदानातून मोकळी केली, आणि पाण्याचा साठा बांधण्याइतकेच तो राखणेही मोलाचे असते, हे त्यांनी आपल्या कृतीने दाखवून दिले. बारव भूगर्भात मुरलेल्या पाण्यापर्यंत माणसाला नेते, तर धरण नदीचे वाहते पाणी अडवून ते माणसाच्या वस्तीपर्यंत पोहोचवते. याच जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यात, पूर्णा नदीवर १९६८ साली पूर्ण झालेले येलदरीचे मातीचे धरण गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ हे काम करीत आहे. शेतीसाठी आणि विजेसाठी बांधलेले हे धरण आज परभणीसारख्या शहरांच्या नळांचा मुख्य आधार झाले असल्याने, त्याची रचना कशी असते आणि त्याचे आयुष्य कशावर अवलंबून असते, हे नळाचे पाणी पिणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्याजोगे आहे.

माती पाणी कशी अडवते

मातीने पाणी अडते, यावर सामान्य माणसाचा सहजासहजी विश्वास बसत नाही, कारण पावसात वाहून जाणारी माती त्याच्या रोजच्या पाहण्यातली असते. परंतु धरणातील माती ही टाकलेली नसून दाबलेली माती असते. ठरावीक जाडीचा थर पसरायचा, त्यात ठरावीक प्रमाणात पाणी मिसळायचे, त्यावरून जड रोलर फिरवायचा आणि घनता तपासल्याशिवाय पुढचा थर टाकायचा नाही, या क्रमाने भराव वर चढत जातो. अशा धरणाच्या पोटात चिकणमातीचा गाभा असतो, त्याला अभियंते ‘हार्टिंग’ म्हणतात. गाभ्याच्या दोन्ही बाजूंना मुरमाड मातीचे कवच असते, त्याला ‘केसिंग’ म्हणतात. मराठवाड्यातील काळी माती पाणी अडवण्यास उत्तम, पण ती भिजली की फुगते आणि वाळली की तिला भेगा पडतात. म्हणून ती आत झाकून ठेवायची आणि बाहेरचा भार मुरमाने पेलायचा, अशी ही विभागणी असते. जलाशयाकडील उतारावर लाटांच्या माऱ्यापासून संरक्षण म्हणून दगडांचे अस्तर, म्हणजे पिचिंग, केलेले असते.

एवढे करूनही मातीच्या धरणातून थोडे पाणी झिरपतेच, आणि ते झिरपणे हा दोष मानला जात नाही. त्या पाण्याने मातीचे कण बरोबर आणू नयेत, यासाठी भरावात वाळूचा गाळणथर ठेवतात आणि पायथ्याशी चर काढून ते पाणी बाहेर नेतात. या चरात इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराची खाच असलेली एक पट्टी बसवलेली असते. त्या खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची मोजली की झिरप किती आहे, हे कळते. पाणी नितळ असेल आणि जलाशयाच्या पातळीप्रमाणे कमी-जास्त होत असेल, तर धरणाची प्रकृती ठीक समजावी. मात्र पातळी तीच असताना झिरप वाढू लागली किंवा पाणी गढूळ येऊ लागले, तर आत कोठे तरी माती वाहून जात आहे, असा त्याचा अर्थ होतो. दगडी धरणावरून काही वेळ पाणी वाहून गेले तरी ते टिकू शकते. मातीच्या भरावावरून पाणी गेले, तर भराव कापला जातो. म्हणूनच पुराचे पाणी वाहून नेणारा सांडवा दगडी किंवा काँक्रीटचा असतो आणि त्याचे दरवाजे वेळेवर उघडणे हा सुरक्षिततेचा पहिला नियम ठरतो.

पूर्णेवरील जोडधरणे

अजिंठ्याच्या डोंगररांगांत उगम पावणारी पूर्णा नदी परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते. तिच्यावर वरच्या बाजूला येलदरी आणि खाली हिंगोली जिल्ह्यात सिद्धेश्वर, अशी दोन धरणे मिळून पूर्णा प्रकल्प होतो. येलदरीचा भराव सुमारे ५१ मीटर उंच आणि चार किलोमीटरहून अधिक लांब असून, त्याचा एकूण साठा ९३४ दशलक्ष घनमीटर आहे. सर्वसाधारण वापरासाठी न काढता येणारा तळाचा मृतसाठा वजा केला, तर सुमारे ८०९ दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठा उरतो. एक दशलक्ष घनमीटर, म्हणजे वृत्तपत्रांतून वाचनात येणारा एक ‘दलघमी’, हे १०० कोटी लिटर पाणी होय. येलदरीच्या पायथ्याशी २२.५ मेगावॉट क्षमतेचे वीजकेंद्र आहे. तेथून सुटलेले पाणी सिद्धेश्वरमध्ये झेलले जाते आणि तेथून कालव्यांद्वारे परभणी, हिंगोली व नांदेड जिल्ह्यांतील शेतीला मिळते.

मातीच्या धरणातून शहराला पाणी देण्याची पद्धत महाराष्ट्रात याहून बरीच जुनी आहे. मुंबईला नळाचे पाणी मिळू लागले ते १८६० साली पूर्ण झालेल्या विहार तलावाच्या मातीच्या बांधांमुळे, तर सोलापूरजवळ १८७१ साली पूर्ण झालेल्या एकरुख तलावाचा मातीचा बांध सिंचनाबरोबर त्या शहराच्याही उपयोगी पडत आला आहे. शहर वाढते, विहिरी अपुऱ्या पडतात आणि मग जवळच्या धरणाकडे पाहिले जाते, हाच क्रम परभणीतही घडला.

नदीतून जलवाहिनीकडे

परभणी शहर दीर्घकाळ पूर्णा नदीवरील राहाटी बंधाऱ्यातून पाणी घेत असे. बंधाऱ्यातील पाणी संपत आले की वरच्या धरणातून नदीपात्रात पाणी सोडावे लागे. कोरड्या पात्राची वाळू आणि मधल्या डोहांची तहान भागल्यानंतरच ते पुढे सरकत असल्याने, शहराला हवे त्याच्या कितीतरी पट पाणी धरणातून सोडावे लागे, आणि उन्हाळ्यात नेमका साठा कमी असताना हा खर्च सर्वाधिक होई. येलदरी जलाशयातून थेट जलवाहिनीने पाणी आणणारी योजना अलीकडे कार्यान्वित झाल्याने वाटेतील ही गळती टळली. जलाशयाच्या काठच्या जॅकवेलमधून उपसलेले पाणी जलशुद्धीकरण केंद्रात येते. तेथे तुरटीने गाळ खाली बसवून, वाळूच्या थरांतून गाळून आणि क्लोरीनने निर्जंतुक करून ते शहरातील उंच टाक्यांत चढवले जाते.

शहराची गरज प्रत्यक्षात किती, हे साध्या हिशेबाने समजते. २०११ च्या जनगणनेनुसार परभणीची लोकसंख्या ३,०७,१७० होती. शहरी पाणीपुरवठ्याच्या दरडोई दररोज १३५ लिटर या प्रचलित मानकाने रोज सुमारे ४ कोटी १५ लाख लिटर, म्हणजे वर्षाला सुमारे १५ दलघमी पाणी लागते. वाढलेली लोकसंख्या आणि वितरणातील गळती धरून हा आकडा दुप्पट केला, तरी तो येलदरीच्या उपयुक्त साठ्याच्या चार टक्क्यांच्या आतच राहतो. पूर्ण भरलेल्या जलाशयाचा विस्तार सुमारे १०० चौरस किलोमीटर असतो. त्यावरील केवळ १५ सेंटीमीटर जाडीचा थर म्हणजे १५ दलघमी, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बाष्पीभवनाने यापेक्षा कितीतरी जाड थर उडून जातो.

तरीही टंचाई येते, कारण धरण दरवर्षी भरत नाही. मराठवाड्याचा पाऊस लहरी आहे आणि वरच्या अंगाला खडकपूर्णासारखे प्रकल्प झाल्याने खाली येणारे पाणी त्यांच्या भरण्यावर अवलंबून असते. जिंतूर, वसमत आणि हिंगोली या शहरांच्या योजनाही याच जोडधरणांच्या पाण्यावर चालतात. म्हणून पावसाळ्यानंतर ऑक्टोबरच्या मध्यास साठ्याचा आढावा घेऊन पिण्याच्या पाण्याचे आरक्षण आधी ठरवले जाते आणि उरलेल्या पाण्यातून सिंचनाची आवर्तने दिली जातात. हे आरक्षण काटेकोर पाळले, तर अपुऱ्या भरलेल्या वर्षीही शहरांची तहान भागू शकते. त्यात ढिलाई झाली, तर भरलेल्या धरणाखालीही टँकर फिरतात.

जुन्या भरावाची निगा

मातीचे धरण वयाबरोबर आपोआप कमकुवत होत नाही. नीट बांधलेला भराव कालांतराने बसून अधिक घट्टही होतो. त्याला धोका असतो तो दुर्लक्षाचा. उतारावर वाढलेल्या झाडांची मुळे भरावात वाटा पाडतात, उंदीर-घुशी बिळे करतात, पिचिंगचे दगड निसटतात, पायथ्याचे चर बुजतात आणि दरवाजांच्या दोरांना गंज चढतो. यातील एकेक बाब किरकोळ असली, तरी पुराच्या रात्री त्या सगळ्यांची एकत्र परीक्षा होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपुरे राहिलेले मातीचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खालचे खडकवासला धरणही गेले, तेव्हा पुण्याच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्याच, शिवाय शहराचा नळपुरवठाही खंडित झाला. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ ने पावसाळ्यापूर्वीची व पावसाळ्यानंतरची तपासणी बंधनकारक केली आहे, ती यासाठीच. त्याखेरीज, दरवर्षी येणारा गाळ साठवणक्षमता गुपचूप कमी करीत असतो, त्यामुळे साठ्याचे फेरमोजमाप ठरावीक काळाने व्हावे लागते.

धरणाची निगा जलसंपदा विभागाने राखायची आणि पाणी नगरपालिकांनी उचलायचे, अशी आजची विभागणी आहे. त्यामुळे धरणाच्या प्रकृतीची चौकशी शहरात फारशी होत नाही. ही उणीव दूर व्हायला हवी. पाणीपट्टी नियमित भरणे, गळक्या जलवाहिन्यांविरुद्ध आवाज उठवणे, आणि धरणाच्या तपासणीचे अहवाल व आरक्षणाचे आकडे दरवर्षी जाहीर व्हावेत असा आग्रह महापालिकेकडे व जिल्हा प्रशासनाकडे धरणे, एवढे परभणीच्या नागरिकांनी अवश्य करावे. कारण येलदरीला आज तरी त्यांच्याजवळ दुसरा तोडीचा पर्याय नाही.