हनुवटीवरचे मुरूम

नववी-दहावीची मुले-मुली हल्ली हनुवटीवर रुमाल धरून बोलतात. घरून लिंबू, टूथपेस्ट, नाहीतर गोरेपणाचे मलम लावून येतात. म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

मुरूम अस्वच्छतेने होत नाहीत. वयात येताना संप्रेरकांमुळे त्वचेतील तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्रे बुजतात व आत जंतू वाढून सूज येते. मुलींना पाळीच्या आधी हनुवटीवर हे वाढते. पाळी फारच अनियमित असेल, चेहऱ्यावर जाड केस येत असतील, तर डॉक्टरांना जरूर दाखवावे.

दिवसातून दोनदा सौम्य साबणाने तोंड धुणे पुरे. मुरूम फोडू नयेत, डाग राहतात. औषधाला ६ ते ८ आठवडे लागतात.

पालकांनो, आम्हाला खरी काळजी वाटते ती स्टेरॉइडच्या मलमांची. ती लावताच चेहरा उजळतो. पुढे त्वचा पातळ होते आणि मलम थांबवले की मुरूम पुन्हा जोरात येतात. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल ही नावे आहेत का, ते वाचा. अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम २०१८ मध्ये झाला. शेजारणीची ट्यूब मात्र चिठ्ठी मागत नाही.

वर्गात कोणी चिडवत असेल, तर वर्गशिक्षकांना सांगावे.