संत्र्याच्या रसाच्या बर्फाच्या कांड्या

मंगरूळपीर व कारंजा या भागांतील मृग बहाराचीं संत्रीं फेब्रुवारी-मार्चमध्यें उतरतात. त्यांतील बारीक फळास बाजारांत भाव येत नाहीं. परंतु रसासाठीं तें टाकाऊ नव्हे. त्याच्या कांड्या करून त्या बर्फपेटींत झांकून ठेवल्यास वैशाखांतील लग्नकार्यास उपयोगी पडतात. म्हणून त्यांची कृति येथें देत आहों.

फळें धुऊन सोलावीं आणि फोडींवरील पांढरे धागे व बिया काढून टाकाव्या. बिया चिरडल्या गेल्यास रस कांहीं वेळानें कडू होतो. यास्तव तो हलक्या हातानें पिळावा. 1 लिटर रसास सुमारें 100 ग्रॅम साखर विरघळवावी. साखर फार झाल्यास कांडी घट्ट होत नाहीं व फार कमी झाल्यास ती दगडासारखी लागते. नंतर डाळिंबाचे दाणे व द्राक्षांच्या फोडी घालाव्या. गोठतांना रस फुगतो, म्हणून सांचे कांठोकांठ भरूं नयेत.

वीज नसल्यास कुटलेल्या बर्फाच्या 3 भागांत मिठाचा 1 भाग मिसळावा. मिठानें बर्फ वितळूं लागतो व त्याची थंडी शून्याच्या पुष्कळच खालीं जाते. त्यांत झांकणाचे डबे पुरावे. खारें पाणी आंत जाऊं देऊं नये.

गोठल्यानें सर्व रोगजंतु मरत नाहींत, हें विसरूं नये. पाणी मिसळावयाचें तर उकळून निवविलेलेंच घ्यावें, बाजारचा बर्फ डब्याबाहेरच ठेवावा आणि वितळलेली कांडी पुन्हां गोठवून पाहुण्यांस देऊं नये.