चाकांवरचा काळा थर : समृद्धी महामार्ग, वेगवान मोटारी आणि ब्रेकची धूळ

लेखांक सहावा

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि सेलू, वर्धा व आर्वी या तालुक्यांतून जाणाऱ्या मोटारींच्या वेगाचे मानच बदलून गेले. हा रस्ता ताशी १५० किलोमीटर वेग गृहीत धरून आखलेला आहे, मोटारींना त्यावर ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा अखेरचा तुकडा जोडला गेल्यापासून ७०१ किलोमीटरची सलग वाट उपलब्ध झाली आहे. ज्यांच्या इंजिनाची शक्ती, टायरची पकड आणि ब्रेकची क्षमता रोजच्या गरजेहून बरीच अधिक राखलेली असते, अशा मोटारींना, म्हणजेच परफॉर्मन्स कारना, आपला वेग दाखवता येईल असा रस्ता वर्धा जिल्ह्यात प्रथमच मिळाला. त्याबरोबर त्यांच्या मालकांची एक तक्रारही वाढली : सकाळी धुतलेल्या गाडीची पुढची चाके संध्याकाळपर्यंत काळवंडतात, आणि दोन-चार आठवडे दुर्लक्ष झाले तर तो थर साध्या पाण्याने निघत नाही.

हा थर रस्त्यावरच्या धुळीचा नसतो, ती ब्रेकची झीज असते. चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी म्हणजे डिस्क. तिच्या दोन्ही बाजूंना दाबले जाणारे घर्षणद्रव्याचे ठोकळे म्हणजे पॅड. आणि पायाखालच्या पेडलचा जोर ब्रेक ऑइलमार्फत घेऊन हे पॅड डिस्कवर आवळणारा चिमटा म्हणजे कॅलिपर. ब्रेक लावल्यावर गाडीची गतिज ऊर्जा घर्षणातून उष्णतेत रूपांतरित होते आणि त्या घर्षणात पॅड व डिस्क दोन्ही झिजतात. या ऊर्जेचे मान वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, हे येथे ध्यानी घ्यावे लागते. अठराशे किलो वजनाची मोटार ताशी ८० किलोमीटर वेगाने जात असेल तर तिच्यात सुमारे साडेचार लाख ज्यूल ऊर्जा असते. तीच ताशी १२० किलोमीटरला सुमारे दहा लाख ज्यूल होते, म्हणजे वेग दीडपट आणि भार सव्वादोनपट. दहा लाख ज्यूल उष्णतेत साधारण तीन लिटर पाणी नेहमीच्या तापमानावरून उकळीला येते. एका जोरदार ब्रेकमध्ये ती सर्व उष्णता काही सेकंदांत चार डिस्कना सोसावी लागते, आणि ब्रेक लावताना गाडीचे वजन पुढे झुकत असल्याने तिचा बराच मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कच्या अंगावर येतो. पुढची चाके आधी काळी पडतात ती यामुळेच.

द्रुतगती महामार्गावर ब्रेक कमी वेळा लागतो, तेव्हा धूळही कमी व्हावी, असा तर्क सहज सुचतो आणि तो अर्धाच खरा आहे. जुन्या रस्त्याने नागपूरहून वर्ध्याला येताना गावे, वळणे आणि गतिरोधक यांमुळे ब्रेक वारंवार लागतो, पण दरवेळी तो हलका असतो. समृद्धीवर बराच काळ पेडलला पायही लागत नाही. मात्र येळाकेळीच्या किंवा विरूळच्या निर्गममार्गावर १२० वरून वळणाच्या वेगापर्यंत यावे लागते आणि चालकाने उशीर केला तर सगळी ऊर्जा एकाच दमात पॅडवर ओतली जाते. झिजेचे प्रमाण तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही. पॅडमधले घटक धरून ठेवणारे फिनॉलिक राळेचे बंधन एका तापमानापलीकडे, बहुतेक रस्त्यावरच्या पॅडमध्ये सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे, विघटित होऊ लागते. मग कण सुटे होतात, झीज झपाट्याने वाढते आणि ब्रेकची पकडही ढिली पडते. या पकड सुटण्याला गॅरेजात ब्रेक फेड होणे म्हणतात. उशिरा आणि जोरात लावलेला एक ब्रेक लवकर व हळू लावलेल्या अनेक ब्रेकांपेक्षा अधिक धूळ पाडू शकतो तो या कारणाने. आणि म्हणूनच निर्गमाची पाटी दिसताच ॲक्सिलरेटर सोडून हवेचा रोध व इंजिनाचा ब्रेक यांना त्यांचे काम करू देणे हा धूळ घटवण्याचा पहिला आणि बिनखर्ची उपाय ठरतो.

धूळ किती पडेल हे पॅडच्या जातीवरही ठरते. घर्षण दोन प्रकारे साधता येते. पहिल्या प्रकारात पॅडमधले कठीण कण डिस्कचा पृष्ठभाग घासतात, त्यामुळे पॅडबरोबर डिस्कही खर्ची पडते आणि धुळीत लोखंडाचा वाटा मोठा राहतो. दुसऱ्या प्रकारात पॅडचा अतिशय पातळ लेप डिस्कवर चढतो व पुढचे घर्षण मुख्यतः त्या लेपात आणि पॅडमध्ये होते. झीज कमी, धूळ फिकट आणि थोडी. युरोपीय बनावटीच्या मोटारींत, जर्मनीतील वेगमर्यादा नसलेल्या रस्त्यांचा विचार करून, पहिल्या पद्धतीचे, पोलादी तंतू असलेले लो-मेटॅलिक पॅड बसवण्याची परंपरा आहे. जपानी व अमेरिकी बाजारात दुसऱ्या पद्धतीचे सेंद्रिय आणि सिरॅमिक पॅड अधिक चालतात. चाकणला जुळणी होणारी एएमजी असो वा छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जुळलेली ऑडी, तिची चाके लवकर काळी होतात याचे मूळ या परंपरेत आहे. तो कारखान्याचा दोष नसून पकडीसाठी जाणूनबुजून मोजलेली किंमत आहे.

पॅडच्या मिश्रणात ग्राफाइट, बराइट, धातूंचे सल्फाइड, तंतू आणि राळ असे अनेक घटक असतात, आणि त्यांत कोकण-गोव्याशी नाते सांगणारा एक घटकही आहे : काजूच्या टरफलातून निघणारे दाहक तेल. त्यापासून केलेली राळ कडक करून दळली की मिळणारी भुकटी पॅडमध्ये मिसळतात, कारण ती घर्षण एकसारखे ठेवते आणि आवाज दाबते. सोलणाऱ्यांची बोटे पोळवणारे हे तेल जगभरच्या मोटारी थांबवण्याच्या कामी येते, ही गोष्ट महाराष्ट्रात असायला हवी तितकी परिचित नाही.

वर्ध्याचे हवामान या धुळीला चाकावर घट्ट बसवते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना उन्हात तापलेल्या अलॉय चाकावर, ज्याला गॅरेजात मॅगव्हीलही म्हणतात, गरम कण पडून रंगाच्या पारदर्शक थरात रुततात. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की त्या कणांतले लोखंड गंजते, गंजताना फुगते आणि रंगाखाली मुळे धरते. पावसाळ्यानंतर चाकावर दिसणारे तांबूस ठिपके चाकाच्या ॲल्युमिनियमचे नसतात, ते या रुतलेल्या लोखंडाचे असतात. त्यात शेतरस्त्यावरचा काळ्या मातीचा चिखल कॅलिपरमध्ये शिरतो, वाळला की दगडासारखा होतो. त्याच्यासोबत आलेली बेसाल्टची कच आणि वाळू पॅड व डिस्क यांच्यामध्ये सापडली तर दोघांनाही ओरखडते.

येथवर वर्णन केलेली धूळ स्वाभाविक आहे. अस्वाभाविक धूळ ओळखायची तर थराची जाडी पाहण्यापेक्षा त्याची वाटणी पाहावी. डावे व उजवे पुढचे चाक सारखे काळे असेल तर ब्रेक आपले काम करत आहेत, असे मानायला हरकत नाही. एकच चाक ठळकपणे अधिक काळे असेल, तर त्या बाजूचा ब्रेक बहुधा चिकटत असतो. कॅलिपरचा पिस्टन पेडल सोडल्यावर मागे येतो तो कोणत्याही स्प्रिंगमुळे नव्हे, तर त्याच्याभोवतीच्या चौकोनी छेदाच्या रबरी सीलच्या पिळामुळे. सील जुनी झाली किंवा पिस्टन गंजला की ही किंचित माघार थांबते आणि पॅड डिस्कला घासतच राहतो. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या चिखलाने वा सुकलेल्या ग्रीसने जाम झाल्या तर एका बाजूचा पॅड दुसऱ्याच्या आधी संपतो. रबरी ब्रेक होज आतून फुगला तर ऑइल आत जाते, पण परत येण्यास अडते. मागचे एखादेच चाक काळे असेल तर हँडब्रेकची केबल तपासावी. दोन्ही मागची चाके काळी दिसल्याने मात्र लगेच घाबरू नये, कारण समोरच्या वाहनापासून अंतर राखणारी क्रूझ कंट्रोल यंत्रणा आणि वळणावर आतल्या चाकाला हलका ब्रेक लावणारी प्रणाली चालकाच्या नकळत ब्रेक वापरत असतात. थर तेलकट व ओला असेल तर मामला वेगळा. ती गळती आहे, ग्रीसची किंवा ब्रेक ऑइलची, आणि अशी गाडी महामार्गावर नेऊ नये. ब्रेक ऑइलचा स्वतंत्र विचार पुढील लेखांकात येईल.

चिकटणारा ब्रेक ओळखण्यासाठी सपाट रस्त्यावर ब्रेक फारसा न वापरता गाडी थांबवावी आणि दुरून तापमान दाखवणाऱ्या उपकरणाने दोन्ही बाजूंच्या डिस्कची तुलना करावी; हात लावून पाहण्याची सवय भाजून घेण्याची आहे. दुरुस्तीत पिना साफ करून त्यांना ब्रेकसाठीचे खास ग्रीस लावले जावे, कारण साध्या ग्रीसने रबर फुगते आणि महिन्या-दोन महिन्यांत तोच दोष परततो.

ब्रेक निर्दोष असूनही धूळ नकोशी असेल तर कमी धुळीचे सिरॅमिक पॅड बसवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. हा सल्ला गाडीच्या वापरावर सोडावा. जी गाडी वर्धा, सेवाग्राम आणि पवनार यांच्या परिघात फिरते, तिला ते पॅड चांगले. जी आठवड्यातून दोनदा नागपूर किंवा संभाजीनगरला पूर्ण वेगाने जाते, तिच्या बाबतीत गरम अवस्थेतली पकड चाकांच्या चकाकीसाठी सोडणे हा चुकीचा सौदा आहे, आणि पॅड बदलायचेच असतील तर त्या गाडीच्या वजन व वेगासाठी नेमून दिलेलेच घ्यावेत. शर्यतीच्या ट्रॅकसाठीचे पॅड तर रस्त्यावर आणूच नयेत. ते थंड असताना नीट धरत नाहीत, किंचाळतात आणि त्यांची धूळ अधिकच चिवट असते. डिस्कवर टंगस्टन कार्बाइडचा कठीण लेप देण्याचा मार्ग पोर्शने २०१७ साली केयेनमध्ये आणला व धूळ सुमारे ९० टक्क्यांनी घटल्याचा दावा केला. तंत्र उत्तम आहे, पण ते गाडीबरोबरच घ्यावे लागते, नंतर गॅरेजात बसवता येत नाही.

चाके धुताना ती पूर्ण थंड असावीत, कारण तापल्या डिस्कवर थंड पाणी पडले तर बीड असमान आकसते. आधी भरपूर पाणी, मग सौम्य शॅम्पू आणि चाकांसाठी वेगळा स्पंज. कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे लोखंडी कणांनी रंग खरवडणे. रुतलेल्या लोखंडासाठी मिळणारे थायोग्लायकोलेटयुक्त द्रावण लोखंडाशी संयोग होताच जांभळे होते. त्याला उग्र वास येतो, हातमोजे लागतात आणि ते सुकण्यापूर्वी धुवावे लागते. काही वॉशिंग सेंटरवर वापरले जाणारे ॲसिड चाक क्षणात उजळते, पण पारदर्शक थर एकदा खाल्ला गेला की पुढच्या पावसाळ्यात खालचे ॲल्युमिनियम पांढरे पडते. स्वच्छ चाकावर मेण किंवा सिरॅमिक कोटिंग मे महिन्यातच चढवावे. धुऊन झाल्यावर गाडी थोडी चालवून हलके ब्रेक लावावेत, म्हणजे ओल्या डिस्कला गंज धरून पॅड चिकटणार नाहीत.

चाकावर बसलेली धूळ दिसते तरी. जी हवेत जाते ती दिसत नाही. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू असलेल्या भारत स्टेज ६ मानकांत ब्रेकच्या धुळीला मर्यादा नाही. युरोपीय संघाच्या युरो ७ नियमांनी ती प्रथमच घातली असून, नव्या प्रकारच्या मोटारींना २९ नोव्हेंबर २०२६ पासून दर किलोमीटरला ७ मिलिग्रॅमची आणि केवळ विजेवर चालणाऱ्यांना ३ मिलिग्रॅमची मर्यादा पाळावी लागेल; विजेच्या गाड्यांना कडक अट, कारण त्यांची मोटरच वेग कमी करताना जनित्रासारखी चालून बरीच ऊर्जा बॅटरीत परतवते. आपल्याकडे मात्र गॅरेजांत ब्रेक उघडल्याबरोबर एअर पाइपने फुंकून साफ करण्याची रीत आजही सर्वत्र दिसते, आणि त्या ढगात दिवसभर श्वास घेणारा बहुतेक वेळा सर्वांत तरुण मदतनीस असतो. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, ज्याचे तंतू फुप्फुसांत कायमचे राहतात. ते नसले तरी तांबे, अँटिमनी आणि लोखंडाचे सूक्ष्म कण निरुपद्रवी ठरत नाहीत. पॅड बदलताना धुळीवर पाणी किंवा ब्रेक क्लीनर फवारून ती ओली करणे, खाली तसराळे धरणे, ओल्या फडक्याने टिपणे आणि मदतनिसाच्या तोंडावर मास्क असणे यांचा आग्रह गाडीच्या मालकाने काम सोपवतानाच धरावा.