गाडीच्या रंगावरचा ओरखडा

पुण्याजवळचा पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा भाग मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. १९९८ साली बाजारात आलेली टाटांची इंडिका मोटार पिंपरीच्या कारखान्यात तयार झाली. २००९ साली चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला.

कारखान्यात मोटारीचा पत्र्याचा सांगाडा प्रथम स्वच्छ धुतात. मग तो मोठ्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर गंजरोधक थर चढवतात. त्यावर अस्तर, अस्तरावर रंग आणि शेवटी काचेसारखा पारदर्शक थर देतात. हे थर भट्टीत तापवून पक्के करतात. आता या पुस्तकाचे एक पान चिमटीत धरून पाहा. रंगाचे सगळे थर मिळून जवळजवळ एवढेच जाड असतात!

समजा, सायकल लावताना तुमच्या सायकलचे हँडल शेजारच्या काकांच्या मोटारीला घासले. तुम्ही काय कराल? घाबरून विटेची पूड किंवा काथ्या घेऊन खूण घासू लागाल, तर पारदर्शक थर खरवडला जाईल आणि लहान खुणेचा मोठा डाग होईल. म्हणून प्रथम काकांना खरे सांगा. मग त्यांच्या परवानगीने पुढील काम करा.

गाडी सावलीत घ्या. खुणेवर भरपूर पाणी ओतून धूळ काढून टाका, कारण फडक्याखाली सापडलेला वाळूचा एक कणही नवे चरे पाडतो. पुष्कळदा गाडीचा रंग गेलेलाच नसतो. हँडलचे रबर किंवा भिंतीचा चुना तिला चिकटलेला असतो. अशी खूण साबणाच्या पाण्याने आणि मऊ फडक्याने हळूहळू निघते.

तरीही खूण राहिली, तर तिच्यावरून अलगद नख फिरवा. नख अडकले नाही, तर ओरखडा वरवरचा आहे. त्यावर पॉलिश लावून मऊ फडक्याने हलक्या हाताने चोळावे. पॉलिशमधील बारीक कण ओरखड्याच्या कडा झिजवतात. पृष्ठभाग सपाट होतो आणि पुन्हा चमकू लागतो. म्हणजे पॉलिश ओरखडा भरून काढत नाही, तर भोवतालचा थर थोडा कमी करते. म्हणून ते वारंवार वापरू नये.

नख अडकले किंवा आतला पत्रा दिसला, तर चोळत बसू नये. पावसाळ्यात अशा जागी लवकर गंज चढतो. ती जागा कोरडी ठेवून रंगाऱ्याकडून लवकर रंगवून घ्यावी.

कागदाएवढा पातळ थर पत्र्याला गंजापासून वाचवतो. तो जपायला जोर लागत नाही, धीर लागतो.

शब्दार्थ
गंजरोधक – गंज चढू न देणारा
अस्तर – रंगाच्या खालचा थर
पारदर्शक – ज्यातून आरपार दिसते असा
चरा – रेघेसारखा ओरखडा

स्वाध्याय
१. खूण पुसण्यापूर्वी धूळ का काढावी?
२. ओरखडा खोल आहे की वरवरचा, हे कसे ओळखाल?
३. पॉलिश वारंवार का वापरू नये?