परदेशी शिक्षणाचा पैसा: भोर-वेल्ह्यातून जाणाऱ्या वाटा

परदेशातील उच्च शिक्षणाचा खर्च भागवण्याच्या मुख्यतः चार वाटा आहेत: सरकारी शिष्यवृत्ती, खासगी न्यासांची मदत, परदेशी सरकारे व विद्यापीठे यांचा निधी आणि बँकेचे कर्ज. हिरडस मावळ आणि गुंजण मावळ या जुन्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या भोर व वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांतील विद्यार्थ्यांना या चारही वाटा खुल्या आहेत. मात्र त्यांतला मोठा भाग पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.साठी आहे. त्यामुळे पहिली पदवी भोर, वेल्ह्यातील विंझर किंवा पुण्याच्या महाविद्यालयातून घ्यावी आणि त्याच काळात पुढची तयारी करावी, हा क्रम बहुसंख्य कुटुंबांना परवडणारा आहे. जाहिरात निघाल्यावर तयारीला लागणाऱ्याच्या हातून वर्ष निसटते, म्हणून या विषयात वेळापत्रकाला रकमेइतकेच महत्त्व आहे.

मदतीची जुनी परंपरा

महाराष्ट्रात ही परंपरा सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी निधी स्थापन केला. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ मध्ये गणितातील सर्वोच्च मानाचे सीनियर रँग्लर झाले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. परतल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचा करार त्यासोबत होता. शिक्षणाच्या बदल्यात काही बांधिलकी मागण्याची ही पद्धत आजच्या अनेक योजनांतही दिसते.

राज्य सरकारच्या योजना

राज्याच्या योजना प्रवर्गानुसार वेगवेगळ्या विभागांकडे आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या दरवर्षी ७५ जागा असून अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे जातो. मराठा व कुणबी विद्यार्थ्यांसाठी ‘सारथी’ या राज्य सरकारच्या संस्थेने २०२३ मध्ये महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाने ७५ जागांची योजना सुरू केली. ‘सारथी’चे मुख्यालयही पुण्यात आहे. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाची योजना आहे, तर खुल्या प्रवर्गासाठीची योजना २०१८ पासून तंत्रशिक्षण संचालनालय राबवते. शिक्षणशुल्क, निर्वाह भत्ता आणि विमानभाडे हा या योजनांचा गाभा आहे.

अटींचा साचाही बराचसा सारखा आहे. प्रवेश साधारणपणे विद्यापीठांच्या जागतिक क्यूएस क्रमवारीतील पहिल्या २०० विद्यापीठांपैकी एका विद्यापीठात मिळालेला असावा लागतो. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपयांच्या आसपास असते. या अटींत शासन निर्णयांनी वेळोवेळी बदल होतात. म्हणून गेल्या वर्षी कोणाला काय मिळाले यापेक्षा चालू वर्षाची जाहिरात प्रमाण मानावी.

आदिवासी विद्यार्थ्यांची योजना आदिवासी विकास विभागाकडे आहे. या दोन्ही तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी आणि कातकरी वस्त्या आहेत. पुणे जिल्ह्याचे आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय मात्र आंबेगाव तालुक्यात घोडेगावला, म्हणजे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. वेल्ह्याच्या डोंगरातील वाडीवरून तिथवर जाण्यात एक दिवस मोडतो. अशा विद्यार्थ्याचा अर्ज पूर्ण करून पाठवण्याची जबाबदारी महाविद्यालयाने उचलली, तर त्याचा पहिला अडसर दूर होतो.

केंद्राच्या योजना

केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून सुरू आहे. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ विमुक्त, भटक्या व अर्धभटक्या जमातींसाठी आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर कुटुंबांसाठी आहेत. पात्रता परीक्षेत ६० टक्के गुण, वय ३५ पेक्षा कमी आणि उत्पन्न ८ लाखांपर्यंत, या मुख्य अटी. ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत. येथे विद्यापीठाची मर्यादा पहिल्या ५०० पर्यंत सैल असल्याने राज्याच्या योजनेत न बसणाऱ्यांना दुसरी संधी मिळते.

आदिवासी कार्य मंत्रालयाच्या वेगळ्या योजनेत २० जागा असून त्यांतील ३ विशेष असुरक्षित आदिवासी समूहांसाठी आहेत. महाराष्ट्रात या यादीत कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे तीन समूह येतात. म्हणजे कातकरी वस्तीतून पदवीपर्यंत पोचलेल्या मुलामुलींसाठी देशाच्या पातळीवर थेट जागा राखलेली आहे. ही गोष्ट आश्रमशाळेच्या वर्गातच सांगितली गेली पाहिजे.

न्यासांची मदत

मुंबईतील जे. एन. टाटा निधी, के. सी. महिंद्रा एज्युकेशन ट्रस्ट आणि नरोत्तम सेखसरिया फाउंडेशन ‘कर्ज शिष्यवृत्ती’ देतात. महिंद्रा आणि सेखसरिया यांची रक्कम बिनव्याजी असते. या रकमा संपूर्ण खर्चाला पुरत नाहीत. मात्र विद्यापीठाकडून मिळालेली सवलत आणि बँकेचे कर्ज यांमधली तूट त्यांच्यामुळे भरून निघते. येथे जातीची अट नसते. गुणवत्ता, निवडलेला विषय आणि मुलाखत यांवर निर्णय होतो.

परदेशातून येणारा निधी

ब्रिटिश सरकारची चिव्हनिंग शिष्यवृत्ती एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा संपूर्ण खर्च उचलते. त्यासाठी २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर किमान दोन वर्षे मायदेशी परतावे लागते. बुलढाणा जिल्ह्यातील राजू केंद्रे याच शिष्यवृत्तीवर लंडनला शिकले. त्यांची ‘एकलव्य’ संस्था कुटुंबातून प्रथमच महाविद्यालयात पोचलेल्या विद्यार्थ्यांना असे अर्ज करायला शिकवते. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस अभ्यासक्रमात शिष्यवृत्तीधारकाला शुल्क भरावे लागत नाही आणि दरमहा १,४०० युरो मिळतात.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांत हा ठळक अपवाद आहे. व्हिसासाठी मात्र वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम जर्मनीतील विशेष खात्यात आधी ठेवावी लागते. २०२४ च्या अखेरीस ती ११,९०४ युरो होती. जपान सरकारची ‘मेक्स्ट’ शिष्यवृत्ती बारावीनंतरच्या पदवीसाठीही मिळते. जर्मन आणि जपानी शिकण्याची सोय पुण्यात अनेक दशकांपासून आहे. मॅक्स म्युलर भवन आणि विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधील परकीय भाषा विभाग ही त्यांतील जुनी नावे.

बारावीनंतर लगेच जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी अमेरिकेतील हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशा मोजक्या संस्था महत्त्वाच्या आहेत. प्रवेश देताना त्या कुटुंबाची ऐपत पाहत नाहीत आणि प्रवेश मिळाल्यावर गरजेइतकी पूर्ण मदत देतात. स्पर्धा अत्यंत कठीण असते.

कर्ज आणि तारण

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार लागतो आणि त्यापुढे तारण द्यावे लागते. परदेशी शिक्षणासाठी विद्यार्थ्याने स्वतः १५ टक्के रक्कम उभी करावी, अशी अपेक्षा असते.

मावळातील कुटुंबांची खरी अडचण तारणाची आहे. शेतजमिनीवर बँकेला थकीत कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्याखाली वसुली करता येत नाही, म्हणून सातबारा असूनही बँका ती स्वीकारायला नाखूश असतात. भाटघर, नीरा देवघर, पानशेत, वरसगाव आणि गुंजवणी या धरणांनी येथील बरीच जमीन पाण्याखाली नेली. पुनर्वसनात मिळालेली जमीन भोगवटादार वर्ग दोनची असल्यास ती गहाण ठेवण्यावर निर्बंध येतात. गावठाणातील घराचे मालमत्ता पत्रक काढून ठेवलेले असल्यास बँकेशी बोलताना उपयोग होतो. कर्ज फिटू लागल्यावर व्याजाच्या रकमेवर आयकराच्या जुन्या करपद्धतीत कलम ८०ई खाली आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते.

दाखले आणि वेळापत्रक

पदवीच्या दुसऱ्या वर्षात पासपोर्ट, अधिवास दाखला आणि जातीचा दाखला हातात असावा. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्जही याच वर्षी करावा, कारण पडताळणीला वेळ लागतो. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र यांना मुदत असल्याने ते अर्जाच्या वर्षी नव्याने काढावे लागतात. कर्ता मुंबई-पुण्यात नोकरीला आणि शेती गावाकडे असेल, तर दोन्ही उत्पन्ने दाखवावी लागतात.

शेवटच्या वर्षाच्या ऑगस्टपासून जर्मनीच्या ‘डाड’ शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू होतात. चिव्हनिंगचे अर्जही ऑगस्टमध्येच निघतात, पण ते पदवीनंतर कामाचा अनुभव पूर्ण झाल्यावरच करता येतात. इंग्रजीची परीक्षा आणि प्राध्यापकांची शिफारसपत्रे तोवर तयार हवीत. हिवाळ्यात विद्यापीठांचे प्रवेशअर्ज आणि इरॅस्मस, जानेवारी ते मार्च न्यासांचे अर्ज, त्याच सुमारास केंद्राची योजना आणि उन्हाळ्याच्या अखेरीपासून राज्याच्या जाहिराती, असा हा क्रम चालतो. राज्याच्या योजनेला प्रवेशपत्र आधी लागते, म्हणून विद्यापीठाचा अर्ज शिष्यवृत्तीच्या जाहिरातीपूर्वी झालेला असावा. दोन्ही तालुक्यांतील प्रत्येक महाविद्यालयाने हे वेळापत्रक दुसऱ्या वर्षाच्या वर्गात लावले आणि एका प्राध्यापकाकडे त्याची जबाबदारी दिली, तर पात्र विद्यार्थ्याला केवळ उशिरामुळे मागे राहावे लागणार नाही.