माळव्याच्या वाटा (लेखांक सातवा) : नदीकाठचे कसबे इंदूर

मागील लेखांकात महेश्वरच्या घाटावरून आपण नर्मदेचा निरोप घेतला. आता विंध्याचा घाट चढून माळव्याच्या पठारावर यावयाचे, आणि आज लाखो वस्तीचे झालेले इंदूर नगर अडीच-तीनशे वर्षांपूर्वी दोन लहान नद्यांच्या बेचक्यात वसलेले एक गाव होते, त्या गावाचा माग काढावयाचा आहे. इंदुरास येणारा मराठी प्रवासी बहुधा राजवाड्यापाशी उतरतो व तेथेच शहर पाहून झाले असे समजतो. आपण मात्र पश्चिमेकडून, मल्हारगंजाच्या टोकाला असलेल्या बडा गणपतीपासून, पाण्याच्या दिशेने चालत जाऊ. कारण या वाटेने जो नदीकडे जातो, तो पावलागणिक काळातही मागे मागे जात असतो.

बडा गणपतीचे मंदिर उज्जैनच्या दाधीच घराण्यातील एका भक्ताने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारले असे सांगतात. होळकरशाहीच्या या नगरात, जेथे बहुतेक मोठ्या देवालयांमागे कोणत्या ना कोणत्या राणीचे किंवा दिवाणाचे नाव निघते, तेथे ही एका खाजगी गृहस्थाची कृती आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मूर्ती मुकुटापासून चरणांपर्यंत सुमारे पंचवीस फूट उंच आहे. वर्षातून चार वेळा तिला तुपात कालवलेला शेंदूर चढवितात, आणि एका वेळेस तो सव्वा मण लागतो असे सांगतात. मूर्तीच्या घडणीविषयी भाविक लोक जी यादी सांगतात, तीत सप्तपुऱ्यांची माती, तीर्थांचे पाणी, पंचधातूंचा सांगाडा, रत्नांची पूड, चुना, विटा आणि मेथीचे दाणे एवढे पदार्थ येतात. यांतील माती, पाणी व रत्ने श्रद्धेची म्हणून बाजूला ठेवली, तरी चुना, विटा आणि मेथी ही सरळसरळ गवंड्याची सामग्री आहे. मेथीचा चिकट रस चुन्यात घालून गिलावा चिवट करण्याची युक्ती आपल्याकडील जुन्या कारागिरांना चांगली अवगत होती. देवाची कथा सांगता सांगता त्या काळच्या इमारतकामाचा हा एक कागदच लोकांनी तोंडी जपून ठेवला आहे.

येथून मल्हारगंज आणि इतवारियाच्या बाजाराने पुढे गेले म्हणजे राजवाडा लागतो, व राजवाड्यापलीकडे थोड्याच अंतरावर कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांखाली कान्ह नदी, जिला लोक खान म्हणतात, ती भेटते. सरस्वती नावाची तिची सखीही येथेच तिला मिळते. मूळचे गाव या पाण्याच्या पलीकडे, आज जुनी इंदूर म्हणतात त्या भागात होते. परगण्याचे ठाणे तोपर्यंत कंपेल या गावी असे, ते इ. स. १७२० च्या सुमारास इंदुरास आले, आणि ते येण्यात कंपेलचे जमीनदार राव नंदलाल मंडलोई यांचा हात होता. मोगल सुभ्याची पकड सैल होत होती, दक्षिणेतून मराठ्यांच्या फौजा नर्मदा उतरून वर येत होत्या, आणि दोन्हीकडच्या रहदारीत सापडलेल्या जमीनदारास पाण्याने वेढलेली व इंद्रेश्वराच्या देवळामुळे आधीपासून वस्तीची असलेली ही जागा अधिक निर्धास्त वाटली, अशी परंपरा आहे. त्या घराण्याचा बडा रावळा जुन्या इंदुरात अद्याप आहे. इंदूर होळकरांनी वसविले असे आपण मराठी लोक सहज बोलून जातो. त्यांनी ते वाढविले, थोर केले, हे खरे, पण गाव व बाजार त्यांच्या आधीच उभे होते आणि मंडलोईंचे ऋण आपल्या बखरप्रेमापायी विसरणे न्याय्य नव्हे.

१७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांस जी खासगी जहागीर दिली तिच्यात इंदूर होते, आणि १७४७ मध्ये नदीच्या अलीकडच्या काठावर राजवाड्याचे काम सुरू झाले. खालचे तीन मजले दगडी व वरचे चार लाकडी, अशी त्या वास्तूची सातमजली घडण आहे. ही लाकडी मजल्यांची चैन तिला वेळोवेळी भोवली. १८०१ मध्ये सर्जेराव घाटग्याने शिंद्यांच्या वतीने इंदूर लुटले तेव्हा वाडा जळाला. तात्या जोगांनी दिवाणगिरीत तो पुन्हा उभा केला. १८३४ मध्ये पुन्हा आग लागली. आणि १९८४ च्या दंगलीत मागील भाग भस्मसात झाला, तरी समोरचा उत्तुंग दरवाजा मात्र उभा राहिला. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर राजधानी महेश्वराहून इंदुरास आली व त्यानंतरच येथे खऱ्या अर्थाने इमारती वाढल्या: कृष्णाबाईंनी १८३२ च्या सुमारास बांधलेले गोपाळमंदिर, पुढे त्यांच्याच स्मरणार्थ नदीकाठी उठलेली छत्री, व शेजारी दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव यांच्या छत्र्या.

आता ज्या धंद्यांनी या गावाचे नगर केले त्यांकडे वळू. प्रथम अफू. फाल्गुन-चैत्रात खसखशीच्या बोंडांस चिरा देऊन पाझरलेला चीक खरवडून काढावयाचा, तो तेलात भिजत ठेवावयाचा, मळून गोळे करून सुकवावयाचे आणि पेट्या भरावयाच्या, असा हा शेतकरी व सावकार या दोघांचा व्यवहार होता. बंगालमध्ये अफूचा मक्ता कंपनी सरकारकडे होता. माळव्यात तो नव्हता, कारण मुलूख होळकर-शिंद्यांचा. तेव्हा मुंबई बंदरास जाणाऱ्या प्रत्येक पेटीवर परवान्याची जकात घेण्याची तोड सरकारने १८३० च्या सुमारास काढली, आणि तो परवाना मिळविण्याचे मुख्य ठिकाण इंदूर ठरले. आरंभी पेटीमागे १७५ रुपये असलेली जकात पुढे उतरवून १२५ करावी लागली, कारण व्यापारी माल मारवाडातून कराचीस व तेथून पोर्तुगीजांच्या दमणास नेऊन परवाना चुकवीत. पण १८४३ मध्ये सिंध प्रांत इंग्रजांच्या हाती पडताच ही आडवाट बंद झाली, आणि चारच वर्षांत तीच जकात ४०० वर चढली. सिंधच्या वाळवंटातील लढाईचा परिणाम माळव्यातील सावकाराच्या वहीवर कसा उमटतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही. मुंबईच्या पारशी पेढ्यांचे, जमशेटजी जीजीभाईंसारख्यांचे, ऐश्वर्य ज्या मालावर उभे राहिले, त्यातील मोठा वाटा या पठारावरचा होता.

या प्रचंड उलाढालीची म्हणता येईल अशी एकही देखणी वास्तू मला इंदुरात दाखविता येणार नाही. अफू वजन होऊन, शिक्का पडून, गाडीवर चढून निघून जाई. मागे राहिला तो पैसा. १९०७ मध्ये इंग्रज व चिनी सरकारांत निर्यात टप्प्याटप्प्याने घटविण्याचा करार झाला, १९१३ च्या सुमारास चीनचा व्यापार संपला, आणि सट्ट्यात व साठ्यात गुंतलेले द्रव्य मोकळे होऊन कापसाकडे वळले. शेठ हुकुमचंद हे या स्थित्यंतराचे मूर्तिमंत उदाहरण: अफूच्या बाजारात मिळविलेली संपत्ती त्यांनी इंदुरात सुती गिरण्यांत व कलकत्त्याकडे तागाच्या गिरणीत घातली, आणि इतवारियात भिंत, छत, खांब सर्वत्र काच मढविलेले जैन काचमंदिर उभारले. ते मंदिर पाहताना अफूची आठवण होणे अशिष्टपणाचे असेल. पण ती मला होते.

कापसाची गिरणी मात्र शेटांच्या आधी दरबारानेच काढली होती. दुसऱ्या तुकोजीरावांची स्टेट मिल १८७० च्या आसपास सुरू झाली तेव्हा खंडव्याहून इंदुरास आगगाडी यावयाची होती, आणि त्या लोहमार्गासाठी महाराजांनीच इंग्रज सरकारास शेकडा साडेचार व्याजाने एक कोटी रुपये कर्ज दिले होते. राजाने सरकारास कर्ज द्यावे व सरकारने त्यातून बांधलेल्या मार्गास होळकर स्टेट रेल्वे हे नाव द्यावे, हा देवघेवीचा प्रकार मोठा गमतीचा आहे. पुढे मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, कल्याणमल आणि राजकुमार या गिरण्या निघाल्या, भोंग्यांवर शहराचे घड्याळ चालू लागले, आणि नदीच्या पूर्वेकडील भागात कामगारांच्या वस्त्या दाटल्या. कापूस येथे एवढा महत्त्वाचा ठरला की त्याच्या संशोधनासाठी १९२४ मध्ये निघालेल्या संस्थेस होळकरांनी तीनशे एकर जमीन दिली. तेथे आल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा व शेण यांपासून खत कुजविण्याची जी रीत बसविली, ती शेतीच्या जगात इंदूर पद्धती म्हणून ओळखली जाते.

गिरण्यांचा अंत संथपणे झाला. मालवा, स्वदेशी व कल्याणमल १९७४ मध्ये सरकारी महामंडळाकडे गेल्या. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली, आणि तिच्या कामगारांच्या थकबाकीचे सुमारे २२४ कोटी रुपये २५ डिसेंबर २०२३ रोजी मोकळे झाले. बत्तीस वर्षे! एवढ्या अवधीत गिरणीच्या आवारात झाडी माजली व हक्कदारांपैकी अनेक जण काळाच्या पडद्याआड गेले. आज मालवा मिलचा चौक आणि राजकुमार मिलचा पूल ही नावे बसवाहकांच्या तोंडी आहेत, गिरण्या नाहीत. तरीही अनंत चतुर्दशीच्या रात्री याच बंद गिरण्यांच्या कामगार समित्या वर्गणी काढून, रोषणाईच्या झांक्या सजवून जेल रोड, कृष्णपुरा, राजवाडा अशी मिरवणूक काढतात. या प्रथेची शंभरी नुकतीच भरली. मालक गेला, यंत्रे भंगारात गेली, आणि उत्सव तेवढा कामगारांकडे राहिला. मराठी वाचकास गणेशोत्सव ओळखीचा आहे, पण नसलेल्या कारखान्याच्या नावाने निघणारी झांकी त्याने इतरत्र क्वचितच पाहिली असेल.

राहता राहिली नदी. पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश नगररचनाकाराने प्लेगच्या दिवसांत इंदुरात काम केले, दिवाळीच्या सुमारास उंदराची प्रतिमा मिरविणारी स्वच्छतेची दिंडी काढली, आणि १९१८ च्या आपल्या दोन भागांतील अहवालात नदीकाठास नगराच्या मध्यवर्ती स्थानी ठेवले. त्यांचे ऐकले गेले ते थोडेच. नर्मदेचे पाणी जलूदहून उपसून १९७० च्या दशकाच्या अखेरीस घरोघर येऊ लागल्यावर तर कान्हची गरजच सरली, व जिला नंदलाल मंडलोई तटबंदी समजले तिला पुढील पिढ्यांनी गटार समजले. २०१६ च्या सिंहस्थाच्या वेळी तिचे पाणी उज्जैनच्या घाटांवर येऊ नये म्हणून ते जमिनीखालच्या नळांतून वळवावे लागले. त्यानंतर नाले अडवून सांडपाणी शुद्ध करण्याचे काम शहराने मनावर घेतले, आणि २०२१ मध्ये देशातील पहिले 'वॉटर प्लस' शहर हा किताब इंदुरास मिळाला. छत्र्यांच्या पायऱ्यांवरून पाहिले असता पाणी अजून पिण्याजोगे दिसत नाही. ते उत्तरेस वाहत जाऊन उज्जैनजवळ शिप्रेस मिळते, आणि पुढील लेखांकात आपणही तिकडेच जाऊ.