गाडी लहान, आवाज मोठा

डोळ्यांना पापण्या असतात, कानांना नसतात. आपण झोपलो तरी कान जागेच असतात. रानात राहणाऱ्या माणसाला या पहाऱ्याचा मोठा उपयोग होता. जवळपास पाला वाजला तरी त्याला जाग यायची आणि जीव वाचायचा. आज पाला वाजत नाही, पण गल्लीतून रात्री बारा वाजता सायलेन्सर काढलेली दुचाकी जाते आणि आपले शरीर तिलाही वाघच समजते.

मुंबईच्या उपनगरांत हा त्रास किती वाढला आहे, हे अंधेरी, घाटकोपर, मुलुंड किंवा बोरिवलीत ज्यांचे नातेवाईक राहतात त्यांना सांगायला नको. हमरस्त्याचा आवाज मोठा असला तरी तो दूरचा आणि बराचसा सलग असतो. गल्लीतली दुचाकी मात्र खिडकीपासून चार-पाच हातांवरून जाते. घाटकोपरच्या पंतनगरसारख्या जुन्या वसाहतीत इमारती समोरासमोर आहेत. बोरिवलीची गोराई आणि शेजारच्या कांदिवलीतील चारकोप या वसाहती जागतिक बँकेच्या साहाय्याने आखल्या गेल्या. तेथे सुमारे पस्तीस घरांची एक सोसायटी, मध्ये लहानसे अंगण आणि घरांच्या रांगांमधून अरुंद वाटा अशी रचना आहे. या वाटा माणसांसाठी होत्या. मुलांनी खेळावे, म्हाताऱ्यांनी खुर्ची टाकून बसावे, यासाठी ते अंगण होते. आता तेथून दुचाकी ये-जा करतात आणि दोन्हीकडच्या भिंतींवर आपटून त्यांचा आवाज घराघरांत शिरतो. आपल्या तालुक्याच्या गावातील आळ्या आणि बोळ याहून वेगळे नाहीत, म्हणून हा विषय केवळ मुंबईकरांचा नव्हे.

या बाबतीत दोन गैरसमज सर्वत्र दिसतात. गाडी लहान म्हणजे तिचा उपद्रवही लहान, हा पहिला. गाडी लहान म्हणजे तिला कायदा लागू नाही, हा दुसरा. दोन्ही समज आरोग्याच्या मुळावर येणारे आहेत.

लहान गाडीचा एवढा आवाज का?

चार स्ट्रोकचे एका सिलिंडरचे इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्या घेत असेल, तर त्यात दर सेकंदाला पन्नास स्फोट होतात. प्रत्येक स्फोटानंतर तापलेला वायू दाबाने बाहेर पडतो. सायलेन्सरच्या आतील कप्पे आणि जाळ्या तो दाब हळूहळू उतरवतात. ही जाळी काढली किंवा नुसती पोकळ नळी बसवली, की प्रत्येक स्फोट जसाच्या तसा बाहेर येतो. काही तरुण चालत्या गाडीचे इंजिन क्षणभर बंद-चालू करून नळीतून ‘फटाका’ फोडतात. न जळलेले पेट्रोल तापलेल्या नळीत पेट घेते, त्याचा तो आवाज असतो. त्यात गाडीची ताकद वाढत नाही, वाढतो तो केवळ शेजाऱ्यांचा रक्तदाब.

नव्या दुचाकीला कारखान्यातून बाहेर पडताना आवाजाची कसोटी द्यावी लागते. ८० सीसीपर्यंतच्या गाडीला ७५, १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्यावर ८० डेसिबल अशी मर्यादा २००३ पासून आहे. म्हणजे दुकानातून आणलेली गाडी मर्यादेत असते. बिघाड पुढे होतो. सायलेन्सर गंजून फुटतो किंवा हौसेने बदलला जातो.

डेसिबलचा हिशेब

डेसिबल हे माप किलो-मीटरसारखे सरळ चढत नाही. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, वीस वाढले की शंभरपट. कानाला मात्र दहा डेसिबलची वाढ साधारण दुप्पट वाटते, म्हणून आपण फसतो.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही सरासरी मर्यादा आहे. आता समजा, एखाद्या गल्लीत रात्र बरोबर ४५ डेसिबलची शांत आहे. एक बदललेल्या सायलेन्सरची दुचाकी आली आणि खिडकीशी दहा सेकंद ९० डेसिबलचा आवाज झाला. गणित केले तर त्या दहा सेकंदांत, ४५ डेसिबलच्या सुमारे अकरा रात्रींत मिळून जेवढी असते तेवढी ध्वनिऊर्जा खिडकीवर आदळते. पूर्ण आठ तासांची सरासरी या एका फेरीने ५५ च्या पुढे जाते. एक गाडी, एक फेरी आणि दहा सेकंद. “एवढ्याशा आवाजाने काय होते?” या प्रश्नाचे उत्तर या हिशेबात आहे.

पॅरिसमध्ये आवाजाची मोजणी करणाऱ्या ब्रुइपारिफ या संस्थेने असाच अंदाज मांडला आहे. सायलेन्सरमध्ये फेरफार केलेली एक स्कूटर रात्री ते शहर ओलांडून गेली, तर दहा हजारांपर्यंत माणसांची झोप मोडू शकते. आपल्या उपनगरांतील वस्ती किती दाट आहे, हे वाचकांनीच आठवावे.

शरीरात काय घडते?

अचानक मोठा आवाज झाला की मेंदू आधी धोक्याची घंटा वाजवतो, विचार नंतर करतो. अॅड्रिनलीन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके रक्तात येतात. नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो. महत्त्वाची गोष्ट अशी, की हे घडण्यासाठी माणूस पूर्ण जागा व्हावा लागत नाही. “मला सवय झाली आहे, मला काही कळतही नाही,” असे अनेकजण सांगतात. मनाला सवय होते हे खरे. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना ती तितकीशी होत नाही. गाढ झोप उथळ होते, पुन्हा गाढ व्हायला वेळ लागतो, तोवर दुसरी गाडी येते. सकाळी डोके जड राहते, चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही.

असे वर्षानुवर्षे चालले तर उच्च रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार, केवळ पश्चिम युरोपात वाहनांच्या आवाजामुळे दरवर्षी निरोगी आयुष्याची किमान दहा लाख वर्षे वाया जातात. त्यात सर्वात मोठा वाटा झोपमोडीचा आहे. २०१८ मध्ये याच संघटनेने युरोपसाठी सल्ला दिला, की रस्त्यावरच्या वाहनांचा आवाज रात्री सरासरी ४५ डेसिबलच्या आत असावा.

कानाचे नुकसान वेगळेच. आतील कानात शंखासारखी नळी असते आणि तिच्यात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी असतात. आवाजाच्या माऱ्याने त्या मोडल्या तर पुन्हा उगवत नाहीत. हा धोका शेजाऱ्यापेक्षा खुद्द गाडीस्वाराला अधिक असतो, कारण तो त्या आवाजावरच बसलेला असतो. रात्री कानात बारीक शिटी वाजल्यासारखे वाटणे ही त्याची पहिली खूण असू शकते.

मुलांवर होणारा परिणाम लवकर लक्षात येत नाही. न्यूयॉर्कमध्ये आर्लीन ब्रॉन्झाफ्ट यांनी १९७५ मध्ये एका शाळेची पाहणी प्रसिद्ध केली. उन्नत रेल्वेमार्गाच्या बाजूच्या वर्गांतील मुले, त्याच शाळेच्या शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे पडलेली आढळली. वरच्या इयत्तांत हे अंतर जवळजवळ वर्षभराचे होते. शाळा तीच, मुले त्याच वस्तीतली, फरक प्रामुख्याने खिडकीबाहेरच्या आवाजाचा. मुलगा अभ्यासात मागे पडतो म्हणून शिकवणी लावण्याआधी तो कोठे बसून अभ्यास करतो, तेही पाहावे.

कायदा काय सांगतो?

१९७२ साली पुण्याच्या कायनेटिकने ५० सीसीची लुना आणली आणि घराघरांत दुचाकी पोहोचली. “गिअर नसलेली गाडी सोळाव्या वर्षी चालते” ही समजूत तेव्हापासूनची. नियम खरा आहे, पण तो ५० सीसीपर्यंतच्याच गाडीला लागू आहे. आज घरोघरी दिसणाऱ्या बिनगिअरच्या पेट्रोल स्कूटर बहुधा ११० किंवा १२५ सीसीच्या असतात. त्यांना अठरा वर्षे पूर्ण आणि रीतसर परवाना हवा.

अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, वर्षभर गाडीची नोंदणी रद्द आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही, अशी ती तरतूद आहे. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात अल्पवयीन मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण जीव गेले, तेव्हा किल्ली मुलाच्या हाती देण्याचा अर्थ साऱ्या राज्याला कळला. तो पुन्हा कळण्याची वेळ येऊ नये.

मोटार वाहन कायद्यातून २५ सीसीपर्यंतची दोन-तीन चाकी वाहने वगळली आहेत. मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या ४९ सीसीच्या छोट्या पेट्रोल बाईक त्या सवलतीत बसत नाहीत. नोंदणीशिवाय त्या सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाहीत. बॅटरीवरच्या गाडीची ताकद पाव किलोवॅटहून कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर इतर अटी पाळून तिला नोंदणी आणि परवाना लागत नाही. मात्र वेग वाढवण्यासाठी तिच्यात फेरफार केला की ही सवलत संपते. अशी गाडी आवाज करत नाही, हा तिचा गुण. पण अरुंद वाटेवर ती मागून येते तेव्हा कमी ऐकू येणाऱ्या वृद्धांना तिची चाहूलही लागत नाही. तेथे वेग माणसाच्या चालीइतकाच हवा. पदपथावर तर पोलिसांच्या परवानगीवाचून कोणतेही मोटार वाहन चालवता येत नाही.

सायलेन्सर टाळून धूर सोडणाऱ्या गाडीला पहिल्या वेळी एक हजार आणि पुढे दोन हजार रुपये दंड आहे. आवाजाची मर्यादा मोडल्यास दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि परवानाही तीन महिने रोखला जातो. जप्त केलेल्या सायलेन्सरवर पोलीस रोडरोलर फिरवतात, ती छायाचित्रे आपण पाहिलीच आहेत. तरीही गॅरेजमध्ये असे सायलेन्सर बसवून मिळतात तोवर रोडरोलरला काम पुरेल.

सोसायटीच्या आतल्या रस्त्याचे काय? जेथे लोकांना येण्या-जाण्याचा हक्क आहे ती कायद्याने सार्वजनिक जागा होय. फाटक बंद असलेल्या खाजगी आवाराबद्दल वाद होऊ शकतो. तेथे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा ठराव अधिक उपयोगी पडतो. उपद्रवाचा कायदा तर फाटकाच्या आतही लागू पडू शकतो. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की शांततेने जगणे हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे आणि आवाज करणाऱ्याला तो दुसऱ्याच्या कानावर लादण्याचा हक्क नाही.

शेजाऱ्याशी वैर नको म्हणून पुष्कळ लोक तक्रार करत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ला-चुनाभट्टी भागातील रहिवाशांच्या याचिकेवर निकाल देताना मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की पोलिसांनी तक्रारदाराची ओळख न विचारता ध्वनिप्रदूषणाच्या तक्रारीवर कारवाई करावी. ते प्रकरण ध्वनिक्षेपकांचे होते, पण तक्रारदाराची भीती सर्वत्र सारखीच असते.

आपण काय करावे?

१. आपल्या गाडीपासून सुरुवात करावी. सर्व्हिसिंगच्या वेळी सायलेन्सर तपासून घ्यावा. फुटला असल्यास मूळ कंपनीचाच बसवावा.

२. रात्री दहानंतर आळीच्या तोंडाशी इंजिन बंद करून गाडी हाताने ढकलत न्यावी. पन्नास पावलांचा व्यायामही होतो.

३. सोसायटीने किंवा आळीने एकत्र बसून वेळ आणि वेग ठरवावा. रात्री उशिरा परतणारे कामगार आणि घरपोच सामान आणणारी मुले यांनाही त्यात विश्वासात घ्यावे. त्यांची गाडी ही त्यांची रोजीरोटी आहे. भांडण आवाजाशी आहे, माणसाशी नाही.

४. तान्हे बाळ, वृद्ध, हृदयरोगी आणि परीक्षेचे विद्यार्थी यांची झोपण्याची जागा गल्लीकडची नसावी. कानात कापूस घालून फारसा उपयोग होत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे बरे, पण लहान मुलांना ते वापरू नयेत.

५. कानात सतत आवाज येणे, झोप न लागणे किंवा सकाळचा रक्तदाब वाढलेला असणे, ही लक्षणे असल्यास डॉक्टरांना दाखवावे. खिडकीखाली रात्री काय चालते, तेही त्यांना सांगावे. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

६. समजूत घालूनही उपयोग न झाल्यास तारीख, वेळ आणि गाडीचा क्रमांक लिहून ठेवावा आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा. रात्रीचा उपद्रव चालू असताना ११२ क्रमांकावर कळवावे. रस्त्यात उतरून हमरीतुमरीवर येऊ नये. त्याने आपलाच रक्तदाब वाढतो.

मिठाचे प्रमाण, साखरेचे प्रमाण, चालण्याचे अंतर यांचा हिशेब आता आपण ठेवू लागलो आहोत. झोपेचाही ठेवला पाहिजे. आपली झोप बरीचशी आपल्या हाती असते, पण शेजाऱ्याची झोप काही वेळा आपल्या गाडीच्या किल्लीत असते. ती किल्ली फिरवताना, विशेषतः मुलाच्या हाती देताना, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ घरांतील रात्र शांत होईल.